तपासणी करण्यात आली

मी पत्रं लिहिते. म्हणजे लिहीत होते. गिझर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत, तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या मागे, ग्राहक प्रतिसाद विभागात. गिऱ्हाईक तक्रार करायचं, कंपनी उत्तर द्यायची, आणि ते उत्तर माझ्या टेबलावरून निघायचं. सहा वर्षांत किती पत्रं गेली ते सांगता येणार नाही, पण त्यातल्या एकाही पत्रात माणूस नव्हता, हे छातीठोकपणे सांगते.

खोटं वाटत असेल तर वाचा. 'आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे.' कोणी घेतली? ठाऊक नाही. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.' कोण करतंय? देव जाणे. 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येते.' ही दिलगिरी नेमकी कोणाला वाटली, बसल्या बसल्या वाटली की जेवताना वाटली, काही पत्ता नाही. उजाडतं, मावळतं, तशी आमच्याकडे दिलगिरी आपोआप व्यक्त व्हायची. वाक्याला कर्ता असतो असं शाळेत घोकून घेतलं होतं. कंपनीत तो गेटवरच जमा करून घेत असावेत.

आमच्या साहेबांना आम्ही मागून 'भावे' म्हणायचो. त्यांचं आडनाव भलतंच होतं, पण ते बोलायचे फक्त भावे प्रयोगात. "बसावं." "फाइल आणावी." "आता जेवून घ्यावं." समोरच्याला तू म्हणायचं की तुम्ही, एवढं ठरवायची जोखीमसुद्धा त्यांनी कधी घेतली नाही. आमच्या मजल्यावर कर्त्यासकट बोलणारी एकच व्यक्ती होती, सफाईच्या मावशी. "मी पुसतेय, पाय ठेवू नका!" आणि गंमत बघा, अख्ख्या मजल्यावर साहेबांसकट सगळे ऐकायचे ते फक्त मावशींचं.

मी कंत्राटी होते. दर अकरा महिन्यांनी मुदत संपायची, एक दिवस मी घरी बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवं ओळखपत्र गळ्यात घालून पुन्हा त्याच खुर्चीत. सहावं वर्ष संपत आलं तेव्हा साहेबांनी बोलावलं आणि टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "कायम करण्याचा विचार चालू आहे. महिनाअखेर पत्र निघेल. उघड्या तक्रारी तेवढ्या शून्यावर आणाव्यात."

हे कायम होणं मला किती हवं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. मी एक्केचाळीस वर्षांची बाई. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हापासून ताईकडे राहत होते. ताईचं घर दोन खोल्यांचं, त्यातल्या बाहेरच्या खोलीतला सोफा माझा. भाऊजींच्या बातम्या संपल्या की माझी झोप सुरू, आणि सकाळी भाऊजींना पेपर वाचायला बसायचं असलं की माझी झोप संपली. कपाटातले खालचे दोन खण माझे. नोकरीसुद्धा भाऊजींनीच कोणाकडे तरी शब्द टाकून लावून दिलेली. कोणी कधी बोलून दाखवलं नाही, पण न बोलता दाखवायच्या शंभर तऱ्हा असतात. सहा वर्षं मी दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत होते, आणि त्या पाण्याने तहान भागते पण घशात काहीतरी अडकून राहतं.

तर मी एक खोली बघून ठेवली होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची, लाकडी जिन्याची, एका मोठ्या खिडकीची. घरमालकीण व्यवहाराला पक्की. म्हणाली, "एकटी बाई, नवरा नाही, मला हमी काय? कायम नोकरीचं पत्र आण आणि चावी घेऊन जा. महिनाअखेरपर्यंत थांबते." मी त्या खिडकीची उंची बोटांनी मोजून पडद्याचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. कपाटाच्या खालच्या खणात, कोणाला दिसणार नाही असं.

आणि नेमकं तेव्हाच घोडं अडलं.

एकोणीस तारखेला माझ्या टेबलावर एक हाताने लिहिलेलं पत्र आलं. निळी शाई, ठळक अक्षर, मायना नाही, थेट विषयाला हात:

'तुमच्या गिझरमधून शिट्टीसारखा आवाज येतो आणि खालच्या नळीतून कधी वाफ येते. मी तो बंद ठेवला आहे. माझे यजमान अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांना रोज गरम पाण्याने पुसावं लागतं. मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि शेगडीवरून न्हाणीघरापर्यंत रोज चार पातेली उकळतं पाणी नेते. मी दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा तुम्ही कळवलंत की तपासणी करण्यात आली. दोन्ही वेळा मी दिवसभर दारात खुर्ची टाकून बसले होते. कोणी आलं नाही. तपासणी ज्याने केली त्याचं नाव कळवा. मला त्याला बघायचं आहे.'

मी फाइल काढली. दोन्ही पत्रं होती. दोन्ही माझीच, साचा क्रमांक चार. आमच्या संगणकात पत्रांचे चौदा साचे होते; तक्रार क्रमांक टाकायचा, मेकॅनिक जाऊन आल्याची हिरवी खूण दिसली की चार नंबर दाबायचा, पत्र तयार. खूण हिरवी होती, मी दाबलं होतं. 'तपासणी करण्यात आली.' ते वाचताना माझे कान तापले. मी खोटं बोलले असं मला तोवर वाटलंच नव्हतं. वाटणार कसं? त्या वाक्यात मी नव्हतेच ना!

मी उठले आणि तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे त्या भागाचा मेकॅनिक होता. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कायम टेस्टर, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणायचे. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा. मी पत्ता वाचून दाखवला आणि विचारलं, "इथे गेला होतात?"

त्याने फोन काढून बघितलं. "गेलो नाही."

"पण इथे तर तुम्ही गेल्याचं दिसतंय. दोनदा."

"गेलो नाही, पण गेल्याचं आलंय," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्याने सविस्तर सांगितलं. कंपनीने सगळ्या मेकॅनिकांना फोन दिले होते. फोन इमारतीच्या जवळपास दोन मिनिटं थांबला की भेट झाल्याची खूण आपोआप पडते, म्हणजे कोणी कामचुकारपणा करायला नको. "त्या बाईंच्या बिल्डिंगखाली चौक आहे, मॅडम. मी सिग्नलला उभा होतो. तिकडे सिग्नल लाल, म्हणून तुमच्याकडे खूण हिरवी."

"मग तुम्ही वर कळवलं नाही?"

"कळवलं की. नोंद घेण्यात आली." टेस्टर हसला नाही. "गर्दीच्या दिवशी चौदा घरं देतात. माझ्याने आठ होतात. उरलेली सहा सिग्नल करतो."

उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्या की असंच व्हायचं. पण शेळ्या निदान डोळ्यांना दिसतात. इथे अडुसष्ट वर्षांची बाई उकळतं पाणी घेऊन चालत होती, आणि आमच्या भिंतीवरच्या, तक्रारींची स्थिती दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यावर तिचा चौकोन हिरवागार होता.

मी साहेबांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, सिग्नलसकट. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"साचा नऊ पाठवावा," ते म्हणाले.

साचा नऊ असा: 'आपल्या उपकरणाची फेरतपासणी करण्यात आली असून कोणताही दोष आढळून आलेला नाही. सबब सदर तक्रार बंद करण्यात येत आहे.'

"साहेब, पण कोणी गेलंच नाही."

"तसं पत्रात कोणी गेलं असं म्हटलेलंही नाही," ते म्हणाले. आणि हे खरंच होतं! ते वाक्य इतकं गुळगुळीत होतं की खोटं ठरवायला त्यात काही धरायलाच नव्हतं.

"गिझर फुटला तर?"

"पाठवण्यात आलं की बंद होतं. मग जबाबदारी राहत नाही." त्यांनी खण उघडला आणि एक पाकीट अर्धवट बाहेर काढून दाखवलं. त्यावर माझं नाव छापलेलं होतं. "हे तयार आहे. पंधरा माणसांची यादी होती, त्यात नाव घालायला फार बोलावं लागलं. एकच तक्रार उघडी आहे. ती बंद करावी, सोमवारी हे घ्यावं. लिहिणाऱ्याने इतकं मनाला लावून घेऊ नये. आपण कुठे लिहितो? लिहिलं जातं."

साहेब दुष्ट नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण दुष्ट असते तर मला सोपं गेलं असतं. माझ्यासाठी ते खरोखरच कोणाकडे तरी बोलले होते. मी खुर्चीवर येऊन बसले. नऊ नंबरच्या बटणावर बोट ठेवलं. एवढंसं बटण. ते दाबलं की पाकीट, पाकीट मिळालं की चावी, चावी मिळाली की खिडकी. पाचला घरी जाईपर्यंत बोट तसंच होतं, आणि तक्रारही तशीच उघडी.

घरी येऊन बोलायची चूक मी केली. भाऊजींनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे प्रकरण गंभीर.

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये," ते म्हणाले. "कंपनीचं खातेस, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?"

"मी वासे मोजत नाहीये, भाऊजी. छप्पर कोणाच्या डोक्यावर पडणार आहे ते सांगतेय."

"मी शब्द टाकला होता तुझ्यासाठी. माझं तोंड काय राहील?"

ताई आतून आली. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले. "अगं, तुलाच स्वतंत्र व्हायचंय ना? रोज खोली खोली करतेस. मग आधी कायम हो. एका क्रियापदापायी सगळं घालवणार आहेस का तू?"

"क्रियापद नाही गं ताई, कर्ता."

"चुलीत घाल तुझा कर्ता! या सोफ्यावर म्हातारी व्हायचंय का तुला?"

ताईचं चुकलं नव्हतं. लहानपणापासून माझ्या हट्टाचे फटके तीच खात आली आहे. पण तिचं वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. स्वतंत्र व्हायचं असेल तर आधी कायम हो. मी त्याच सोफ्यावर पडून ते उलटसुलट करून बघितलं, आणि मला इतका राग आला की उठून बसले. म्हणजे स्वतःच्या खोलीत राहायला मिळावं म्हणून मी स्वतःच्या वाक्यातून हद्दपार व्हायचं? त्या खोलीत मग राहणार कोण? तिथेही कोणीतरी 'राहण्यात येईल'? मोठी खिडकी, नवा पडदा, आणि आत माणूस नाही! नको मला. मी ज्या घरातून उठून आले त्या घरातही माझ्या बाबतीत सगळं 'ठरवलं गेलं' होतं, आणि ते सोडताना मी कोणाची परवानगी मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी साचे बंद केले, कोरा कागद घेतला, कंपनीच्या नावाचा, आणि लिहिलं:

'तुमच्या गिझरची तपासणी कोणीही केलेली नाही. मी खात्री न करता दोनदा तसं लिहिलं. ती माझी चूक आहे आणि मी तुमची माफी मागते. गिझर बंदच ठेवा. मंगळवारी सकाळी दहा वाजता मेकॅनिक येईल. मी त्याच्यासोबत येईन.'

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. नुसती सही नाही. वळणदार, वाचता येईल असं नाव. सहा वर्षांत त्या कागदावर मी ते पहिल्यांदा लिहीत होते, आणि तुम्हाला हसू येईल, पण मधलं एक अक्षर चुकलं. पुन्हा नवा कागद घेतला.

जावक विभागातल्या कारकुनाने पत्र उलटंसुलटं केलं. "हा कुठला साचा?"

"माझा."

"पण नंबर काय टाकू?"

"साचा नाही म्हटल्यावर नंबर कुठून येणार?"

"नंबराशिवाय जावक होत नाही."

"मग पंधरा टाका." त्याने मुकाट्याने पंधरा टाकला. आमच्याकडे नंबर असला की पुरतं, कशाचा ते कोणी विचारत नाही.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. टेस्टर ठरल्याप्रमाणे चौकात सिग्नलपाशीच उभा होता. "आज पहिल्यांदा गाडी लावून वर जातोय," एवढंच म्हणाला.

बाईंनी दार उघडलं ते साखळी लावूनच. "नाव?"

मी सांगितलं. त्यांनी पत्र घेऊन ते ताडून पाहिलं, मग साखळी काढली. मला वाटलं होतं, त्या आभार मानतील. माणूस किती मूर्ख असतो बघा. त्या म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. चुकीचा नंबर जोडला तर शिव्या आम्हीच खायचो, तारेवर ढकलायचो नाही. तू दोनदा खोटं लिहिलंस. लिहिणारी कशी दिसते ते बघायचं होतं मला."

"बघा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते!

त्यांच्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत पोळल्याचा लांब डाग होता. अजून ओला, गुलाबी. माझं लक्ष गेलं तशी त्यांनी बाही खाली ओढली. "तुझ्या दुसऱ्या पत्रानंतरचा आहे," त्या म्हणाल्या, आणि आत यजमानांना उशी द्यायला निघून गेल्या. मी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले आणि मला रडू आलं. लाजेने, दुसऱ्या कशाने नाही.

टेस्टरने गिझर उघडला. थर्मोस्टॅट चिकटलेला, त्यामुळे पाणी कितीही तापलं तरी वीज तुटत नव्हती. आणि जास्तीची वाफ सोडणारा व्हॉल्व्ह क्षार साचून जवळजवळ बुजलेला. त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला. पांढरा, खडबडीत. "हा पूर्ण बंद झाला असता आणि बाईंनी गिझर चालू ठेवला असता, तर आपण आज इथे नसतो आलो," तो म्हणाला. "पोलीस आले असते." दोन्ही भाग त्याने बदलले, तीनदा पाणी तापवून बघितलं. दोन तास लागले. तेवढ्या वेळात त्याचा फोन आठ वेळा वाजला.

जिना उतरताना मी विचारलं, "असे सिग्नलने केलेले किती आहेत?"

त्याने लगेच सांगितलं, म्हणजे आकडा त्याच्या जिभेवरच होता. "या तीन महिन्यांत, माझे, सत्तेचाळीस."

त्या सगळ्यांना साचा चार गेला होता. पाठवणारी मीच. मी त्याच्याकडून सत्तेचाळीस पत्ते लिहून घेतले. टेस्टर म्हणाला, "मॅडम, माझं नाव येऊ दे पत्रात. मी गेलो नाही, ते मीच सांगायला पाहिजे."

दोन कामं आधी उरकली. त्याच संध्याकाळी घरमालकिणीकडे गेले. म्हटलं, "कायमचं पत्र मिळणार नाही. खोली द्यायची तर माझ्या तोंडाकडे बघून द्या."

"तोंडं बघून खोल्या दिल्या असत्या तर मीच रस्त्यावर आले असते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने ती एका बँकेतल्या जोडप्याला दिली. मला वाईट वाटलं. खूप वाटलं, खोटं कशाला बोलू! पण त्याच गल्लीच्या मागच्या अंगाला एक खोली निघाली. तिला खिडकी नव्हती, नुसता झरोका. संडास चौघांत एक. मालक म्हाताऱ्याने पत्र मागितलं नाही, फक्त विचारलं, "कधी येतेस?" मी म्हटलं, "रविवारी येते." ताईने माझं सामान बांधताना कपाटाचा खालचा खण उघडला, पडद्याचं कापड हातात धरलं आणि घडी करून पेटीत ठेवलं. माझ्या हातावर एक जुनं ब्लँकेट ठेवलं आणि भाऊजींना म्हणाली, "टीव्ही बंद करा आणि पेटी उचला." भाऊजींनी उचलली. पुटपुटत, पण उचलली.

सोमवारी मी सत्तेचाळीस पत्रं लिहायला घेतली.

एकेक, हाताने, विचार करून. कुठे लहान मूल होतं, कुठे पाळणाघर होतं, एक तर न्हाव्याचं दुकान होतं. प्रत्येकाला लिहिलं: मेकॅनिक आला नव्हता, हे त्याने स्वतः मला सांगितलं आहे, मी न बघता लिहिलं, गिझर तपासून घ्या, तोवर चालू ठेवून झोपू नका. खाली दोन नावं, त्याचं आणि माझं. जावकच्या कारकुनाने पहिल्याला सोळा टाकला, दुसऱ्याला सतरा, मग म्हणाला, "सगळ्यांना पंधराच टाकतो, साचाच झालाय आता तुमचा." ते मात्र मला झोंबलं. त्यानंतरची पत्रं मी जास्त जपून लिहिली.

भिंतीवरच्या पडद्यावर चौकोन एकामागून एक हिरव्याचे लाल होऊ लागले. लोक फोन करत होते. मजल्यावर कुजबूज सुरू झाली. सगळे मूग गिळून होते, पण झेरॉक्सच्या निमित्ताने माझ्या टेबलामागून पाचपाचदा जात होते. मावशींनी मात्र फडकं थांबवून सरळ विचारलं, "काय लिहितेस गं एवढं?" मी सांगितलं. "बरं करतेस," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खुर्चीखालचं पुसून पुढे गेल्या.

गुरुवारी दुपारी तीन वाजता साहेबांनी बोलावलं. तोवर अडतीस पत्रं गेली होती.

"बसावं."

बसले. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. 'आपली सेवा आज कार्यालयीन वेळ संपल्यापासून समाप्त करण्यात येत आहे.' खाली शिक्का. शिक्क्यावर 'करिता'. करिताच्या वरची जागा रिकामी.

मला हे येणार ठाऊक होतं. तरी राग आला, आणि बरं झालं आला.

"कोण करतंय?" मी विचारलं.

"काय?"

"समाप्त. कोण करतंय?"

"वरून आलंय."

"वर कोण?"

"तसं कोणी एक नसतं. ठरवण्यात आलंय."

"मग मी हे घेत नाही, साहेब." मी कागद परत सरकवला. "मला काढा. काढायचा अधिकार आहे तुम्हाला, मी तक्रार करणार नाही. पण मला माणसाने काढायला पाहिजे. सहा वर्षं मी इथे बसले, ती बसण्यात आली नव्हती. कर्ता लिहा, मग घेते."

त्यांनी वरच्या मजल्यावर फोन लावला. तिथून कळलं की निर्णय मनुष्यबळ विभागाचा. मनुष्यबळाला लावला. तिथून मोठ्याने सांगितलेलं मलासुद्धा ऐकू आलं: विभागप्रमुखांच्या शिफारशीवरून. साहेबांनी फोन ठेवला. विभागप्रमुख म्हणजे तेच. फिरून फिरून भोपळे चौकात आले होते. त्यांनी कागदावरच्या त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"मला दोन वर्षं राहिलीत," ते एकदम म्हणाले. "मी घाबरलो. त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणालो."

त्यांची कीव करायला मी तिथे गेले नव्हते. त्यांनी पेन उचललं, छापलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली, आणि खाली हाताने लिहिलं. अक्षर सुंदर होतं; इतकी वर्षं नुसत्या आद्याक्षरांखाली दडलेलं. 'मी यांना कामावरून कमी करत आहे.' खाली पूर्ण नाव. मी कागद घेतला आणि वाचला. सहा वर्षांत त्या टेबलावरून आलेलं हे पहिलं खरं वाक्य, आणि ते माझ्याच मानेवर पडलं होतं. तरीसुद्धा मी त्यांना मनापासून म्हटलं, "आता बरोबर आहे."

"घरी जायचं असेल तर आत्ताही जाऊ शकता तुम्ही," ते म्हणाले.

"यात कार्यालयीन वेळ संपल्यापासून असं आहे ना? ती ओळ तुम्ही खोडलीत, पण घड्याळ कोणी खोडलं नाही. पाचपर्यंत खुर्ची माझी आहे."

ते नको म्हणाले असते तर मी जिन्यात बसून लिहिलं असतं. मी परत येऊन बसले. नऊ पत्रं राहिली होती, आणि दोन तासांहून कमी वेळ. कोणाचं मन राखायचं नव्हतं, कोणत्या यादीत नाव घालून घ्यायचं नव्हतं. उद्या काय करणार तेही ठाऊक नव्हतं. इतक्या जोरात आणि इतकं स्वच्छ मी त्या खुर्चीत कधीच लिहिलं नव्हतं. खाली जावकपर्यंत जायला वेळ नव्हता म्हणून मावशी दर दोन पत्रं झाली की घेऊन जात होत्या, हातातली बादली तशीच ठेवून.

पाचला दोन मिनिटं कमी असताना गेटवरचा सुरक्षारक्षक वर आला. ओळखपत्र घेऊन मला खालपर्यंत सोडायचं, असं त्याला सांगण्यात आलं होतं. तो अवघडून टेबलापाशी उभा राहिला आणि घड्याळाकडे बघू लागला. पाच वाजले तसा त्याने हात पुढे केला.

"थांबा," मी सत्तेचाळिसाव्या पत्रावरून मान न उचलता म्हटलं. "माझी एक सही राहिलीय."